मोर्शीकडील एक समाधी

वऱ्हाडातील एका ब्राह्मण घराण्यात पूर्वजाची समाधी असावी आणि दरसाल तिची झाडलोट व्हावी, हे ऐकून देशावरील आमचे स्नेही प्रथम हसतात. ते म्हणतात, 'अहो, आपणांत देहाची राख करून ती नदीत सोडण्याची चाल. जे उरलेच नाही त्याची झाडलोट कसली?' प्रश्न रास्त आहे. ज्याचे दहन झाले त्याचे ठिकाण म्हणून काही राहत नाही. राहते ती तिथी. म्हणून आम्ही तिथी सांभाळतो आणि इतर लोक जागा सांभाळतात. परंतु ह्या नियमास आमच्या धर्मशास्त्रानेच एक अपवाद करून ठेविला आहे, तो संन्याशाचा. आणि त्या अपवादापायी समजू लागल्यापासून आम्ही वर्षातून एकदा तरी मोर्शीची वाट धरीत आलो आहो.

अमरावतीहून मोर्शी सुमारे ५५ किलोमीटर आहे. एस. टी.च्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली तर वाट कंटाळवाणी नाही. काळी सपाट जमीन, उत्तरेस सातपुड्याची निळसर रेघ, आणि मोर्शी जवळ येऊ लागली की रस्त्याच्या दोहों अंगांस संत्र्यांच्या बागा. वैशाखात आंबिया बहाराची फळे लिंबाएवढी, हिरवीगार असतात. झाडाखाली आळ्यांत पाणी असले तर मालकाचे दैव चांगले असे समजावे, कारण ह्या बागांपायी इकडील भूजल इतके खोल गेले आहे की विहिरीवर विसंबणारा शेतकरी आता विरळाच. गाडीतील लोकांचे बोलणेही पाण्याचेच. कोणाच्या बोअरला किती फुटांवर लागले आणि कोणाच्या पैशाची माती झाली, हे ऐकत ऐकत आपण मोर्शीच्या थांब्यावर उतरतो.

गावातून जी नदी जाते तिचे नाव दमयंती. वैशाखात ती नदी कसली, वाळूचा पट्टाच. पण नाव ऐकून संस्कृत शिकलेल्या माणसाचे पाऊल पुलावर क्षणभर थबकते. वनपर्वातील नलोपाख्यानाची नायिका ही विदर्भाधिपती भीमाची कन्या, म्हणजे नात्याने आमच्याकडचीच. फ्रान्झ बॉप नामक जर्मन पंडिताने १८१९ साली लंडन येथे हे उपाख्यान लॅटिन भाषांतरासह छापले आणि पुढे युरोपातील कित्येक विद्यार्थ्यांनी संस्कृतचा श्रीगणेशा ह्याच कथेने केला. आमच्या वर्गातही मुलांस शब्दरूपांचा कंटाळा आला म्हणजे आम्ही हीच कथा काढीत असू. एखादा मोर्शीकडील मुलगा मध्येच उठून 'ही आमच्या गावची नदी आहे, सर' असे म्हणे, आणि ज्याला कालपर्यंत कोणी विचारीत नव्हते त्याच्याकडे सगळा वर्ग आदराने पाहू लागे.

मोर्शीजवळच सिंभोरा येथे वर्धा नदीस १३ दरवाजांचे मोठे धरण घातले आहे. १९९३ च्या सुमारास ते पुरे झाले. कागदोपत्री ते ऊर्ध्व वर्धा. जलाशयास मात्र नलदमयंती सागर असे नाव दिले आहे. अमरावती शहरास पिण्याचे पाणी येथूनच येते, म्हणजे आम्ही रोज सकाळी ज्या पाण्याने संध्या करतो ते ह्याच सागराचे. ज्या पाण्याने आमचे गाव आमच्यापासून तोडले त्यास ताटातुटीच्याच कथेतील नाव मिळाले, हा योगायोग आमच्या वडिलांस फार आवडे. गावाचे नाव येथे देत नाही. वर नव्या जागी जे गाव वसले त्याने तेच नाव घेतले आहे, आणि त्यास जुन्या आठवणींचा भार कशाला?

आता समाधीविषयी. आमच्या वडिलांचे आजोबा गावची पटवारकी सांभाळून होते. शके १८४०, म्हणजे इ. स. १९१८. त्या वर्षी पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. सप्टेंबरात मुंबईत फैलावलेला इन्फ्लुएंझा आगगाडीच्या वाटेने आत शिरला आणि दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडातील खेडोपाडी पोहोचला. लोक त्यास मानमोडी म्हणत. मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या इलाख्यावर त्या साथीचा घाला फार जबर पडला. सबंध हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्या काही महिन्यांत गेली. आमच्या घरातील अकरा माणसांपैकी नऊ अंथरुणास खिळली होती. गावात सरणास लाकूड मिळेना. मिळाले तर वाहून नेणारा खांदा मिळेना. आश्विन वद्य एकादशीच्या रात्री पणजोबांनी आतुरसंन्यास घेतला आणि द्वादशीस उजाडण्यापूर्वी देह ठेविला. गावचे भिक्षुक स्वतः तापाने फणफणलेले होते. भिंतीस पाठ टेकून त्यांनी प्रैष सांगितला, असे आजोबा सांगत. आजोबांचे वय तेव्हा अठरा होते.

घरात पुढे ही कथा मोठ्या भक्तीने सांगितली जाई: अंतकाळी विरक्ती झाली, मोक्षाचा मार्ग दिसला, इत्यादी. परंतु आजोबांचे मत निराळे होते. ते त्यांनी एकदाच, आम्ही मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आलो होतो तेव्हा, ओट्यापाशी बसून सांगितले. ते म्हणाले, 'बाबांनी त्या दिवशी दुपारी मला विचारले, घरात लाकूड किती आहे? मी म्हणालो, चुलीपुरते. मग विचारले, मीठ? मी म्हणालो, वाण्याकडे पोते आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत, आणि रात्री भटजींस बोलावणे धाडले.' संन्याशाच्या देहास सरण लागत नाही. खड्डा आणि मीठ पुरते. संन्याशाच्या मुलांस दहा दिवसांचे सुतकही नाही. आजारी पोरांनी गार पाण्याने अंघोळी करून पिंड देत बसावयास नको. एवढे सांगून आजोबा उठले. त्यानंतर तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि आम्हांसही विचारू दिले नाही.

शास्त्राचे दोन शब्द येथे सांगणे भाग आहे, कारण पुढे घरात जो तंटा झाला तो त्यांवरूनच झाला. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यांनी १७९० साली पूर्ण केलेला धर्मसिंधु आमच्या पिढीपर्यंत बहुतेक घरांतून असे. त्यात संन्यासविधी विस्ताराने दिला आहे. संन्यास घेणारा स्वतःची श्राद्धे स्वतःच उरकून मोकळा होतो. मरणोन्मुख माणसास तेवढा अवकाश नसल्यामुळे संकल्प, प्रैषोच्चार आणि सर्व प्राणिमात्रांस अभयदान ह्या तिहींवर भागते. पुढे त्याच्या देहाचे काय करावे, हे तो कोणत्या कोटीचा त्यावर ठरते. कुटीचकास अग्नी द्यावा, बहूदकास भूमीत ठेवावे, हंसास पाण्यात सोडावे आणि परमहंसास पुन्हा भूमीतच ठेवावे, असा क्रम आहे. अठरा वर्षांच्या मुलाने आणि तापलेल्या भटजीने त्या पहाटे हा विचार केला असेल असे वाटत नाही. नदीकाठच्या आमच्या मळ्यात उंबराखाली जमीन मऊ होती, तेथे खणले. वर्षभराने काळ्या दगडाचा अडीच हात औरसचौरस ओटा बांधला, त्यावर पादुका कोरलेली शिळा बसविली आणि बाजूस तुळशीवृंदावन केले.

एक गोष्ट मात्र घरच्या कथेत कोणी सांगत नसे. पणजीबाई त्या रात्री शेजारच्या खोलीत तापात होत्या. प्रैष उच्चारला त्या क्षणी त्यांचा नवरा त्यांचा राहिला नाही, आणि हे त्यांस सकाळी कोणीतरी येऊन सांगितले. अनुमतीचा प्रश्नच निघाला नाही. त्यानंतर त्या २८ वर्षे जगल्या. मळ्यात जाऊन ओटा झाडणे, तुळशीस पाणी घालणे हे त्या रोज पहाटे करीत. पावसाळ्यात ओढ्यास पाणी असले तर अलीकडे थांबून हात जोडीत. समाधीची झाडलोट ही आमच्या घरी मूळची त्यांची. आम्ही पुरुष वर्षातून एकदा जाऊन जे करीत आलो त्याचा मात्र केवढा गाजावाजा! १९४६ साली त्या गेल्या तेव्हा त्याच नदीच्या घाटावर त्यांना अग्नी दिला, रक्षा पाण्यात सोडली, आणि त्यांचे ठिकाण राहिले नाही.

पणजीबाईंच्या मागे झाडलोटीचे दिवस दोन ठरले. भाद्रपद वद्य द्वादशी, म्हणजे पितृपक्षातील यतींच्या महालयाचा दिवस, आणि पुण्यतिथी. आमच्या लहानपणी द्वादशीस जाणे म्हणजे एक स्वारीच असे. पावसाने मळ्याच्या वाटेवर ढोपरभर चिखल. ओटा तर तरोट्यात आणि केन्यात बुडून गेलेला. वडील व काका विळे घेऊन पुढे, आम्ही मुले मागे. दगडाच्या फटीत विंचू असावयाचाच, म्हणून फटीत आधी काडी घालून पाहावी असा दंडक होता. मग नारळाच्या शेंडीने ओटा घासावयाचा, कळशीने धुवावयाचा, चुन्याचा हात द्यावयाचा. पादुकांस हात लावण्यापूर्वी सर्वांनी पुन्हा स्नान करावयाचे. हे सोवळे इतके कडक, की नदीवरून येताना वाटेत बैलाचे शेपूट लागले म्हणून आम्हांस एकदा तीन वेळा स्नान घडले. त्या दिवसाचा स्वयंपाक मळ्यातच. वरणभात, अळूची भाजी आणि खीर. भुकेमुळे असेल, पण त्या खिरीसारखी खीर आम्ही पुढे खाल्ली नाही.

गेलेल्याची जागा सांभाळण्याची ही चाल आमच्याच घरची आहे असे मात्र कोणी समजू नये. मोर्शी तालुका ह्या बाबतीत मोठा भाग्यवान आहे. ऋद्धिपूर ह्याच तालुक्यात. महानुभावांची ती काशी. तेराव्या शतकात गोविंदप्रभू येथे वावरले, आणि चक्रधर स्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले ते येथेच. मराठी गद्याचा उगम पाहू इच्छिणाराने येथे यावे. २०२४ पासून मराठी भाषेचे विद्यापीठही येथे सुरू झाले आहे. ह्या पंथात देह जाळीत नाहीत, भूमीत ठेवितात. पण ते पूजा करितात ती मृताच्या जागेची नव्हे, तर स्वामी जेथे बसले, जेवले, निजले त्या जागेची. त्या जागी ओटा बांधतात. कोणती जागा कोठे, कोणत्या दिशेस, ह्याची टिपणे असलेला स्थानपोथी नावाचा ग्रंथच त्यांनी करून ठेविला. आम्ही शिक्षक असताना मुलांस घेऊन ऋद्धिपुरास गेलो होतो. तेथील एका वृद्ध संन्यासिनीने ओट्यावर कपाळ टेकून ज्या सहजतेने 'इथे बसले होते' म्हणून सांगितले, तिच्यापुढे आमचे सगळे सनावळ्यांचे ज्ञान फिके पडले. सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट ती बाई काल घडल्यासारखी सांगत होती.

पलीकडे मेळघाटात कोरकू लोक मृतास पुरतात आणि त्याच्या नावाने सागवानी लाकडाची फळी कोरून उभी करितात. तिच्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेला गेलेला माणूस. उभ्या आयुष्यात ज्याला घोडा लाभला नाही त्यास येथे तो मिळतो. गोसावी आणि लिंगायत घरांतून समाध्या असतातच. शबे बरातीच्या रात्री मुसलमान बांधव कबरस्तान झाडून तेथे दिवे लावितात. आणि गुरुकुंज मोझरीस तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी आश्विन वद्य पक्षात जी गर्दी लोटते, तिचे वर्णन काय करावे! महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. त्यांच्या पुण्यतिथीस दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तो सगळा जनसमुदाय स्तब्ध उभा राहतो. आम्ही एकदा त्या गर्दीत होतो. कडेवरची पोरे सोडली तर कोणाचा आवाज नाही. आमचा पक्ष आणि त्यांचा पक्ष एकच, म्हणून तेव्हा पणजोबांचीही आठवण झाली. दूर जपानात म्हणे घरच्या थडग्यावर पळीने पाणी घालतात. त्याचे आम्हांस मुळीच नवल वाटत नाही. मेलेल्यास तहान लागते ही समजूत सगळ्या पृथ्वीवर दिसते.

धरणाच्या नोटिसा आल्या त्या वेळी आजोबा नव्हते. वडील व काका दोघेही अमरावतीस एकाच घरात नांदत होते. घर, जमीन, झाडे ह्या सर्वांची मोजणी झाली. पंचनाम्यात ओट्याची नोंद 'दगडी बांधकाम, एक' अशी झाली. मोबदला आला तसा गेला. तंटा झाला तो ओट्यावरून. काकांचे म्हणणे, ओटा उकरावा, खालची मृत्तिका विधिपूर्वक उचलून पादुकांसह अमरावतीस आणावी. पणजोबा भूमीत ठेविलेले, म्हणजे परमहंस मानलेले, त्यांस पाण्याखाली घालणे हा अधर्म. वडिलांचे म्हणणे, समाधी उकरणे हाच अधर्म. आतुरसंन्याशाची कोटी कोणी ठरविली होती? हंस मानले तर त्यांस पाणीच विहित आहे, सत्तर वर्षे उशिरा मिळते एवढेच. दोघांनीही धर्मसिंधूचे तेच पान उघडून एकमेकांस दाखविले. आम्ही तेव्हा नुकतेच संस्कृतचे शिक्षक झालो होतो, म्हणून आमच्याकडे निवाडा मागण्यात आला. आम्ही दोन्ही पक्ष संभवतात असे म्हणून दोघांचाही रोष ओढवून घेतला.

शेवटी वडील म्हणाले, 'ज्यांनी मरताना आपल्या मुलांस लाकडाचीसुद्धा तोशीस लागू दिली नाही, त्यांस आपण आता उपटून काढावयाचे?' तेव्हा कळले की आजोबांनी ती गोष्ट वडिलांसही सांगितली होती. काकांस ती ठाऊक नव्हती. 'तुम्हांलाच सगळे सांगत असत,' एवढेच ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी एकटेच जाऊन ओट्याजवळची मूठभर माती घेऊन आले. ती त्यांनी परसातील तुळशीत घातली. त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. एका पंक्तीस बसत, पण ताकाचे भांडे पुढे सरकविण्यासही आईला मध्ये घालीत. हे किती चालावे? चार वर्षांहून अधिक चालले. पाणी आले, मळा गेला, उंबर गेला, ओटा गेला. पुण्यतिथीस काका तुळशीपाशी दिवा लावीत आणि वडील माडीवर जप करीत बसत.

मग एका कोरड्या उन्हाळ्यात मोर्शीच्या एका किराणा दुकानदाराकडून निरोप आला. निरोप दोनच शब्दांचा होता: 'बुवा निंगाले.' कोण बुवा, हे आम्हांस प्रथम कळेना. वडिलांस कळले. ते पायांत वहाणा घालू लागले तो काका कोटाची बटणे लावीत जिन्यावर आलेच. कोणी कोणास चल म्हटले नाही.

पाणी मागे हटले होते आणि गाळ उघडा पडून त्याच्या ताटल्या झाल्या होत्या. अशा जमिनीत लोक गाळपेर करितात. टरबुजांचे वेल सगळीकडे पसरले होते. गावाची ओळख पटेना. देवळाचा चौथरा दिसला, त्यावरून वेशीची जागा, तीवरून ओढा, ओढ्यावरून मळा. उंबराचे काळे खोड उभे होते. त्याखाली ओटा, जणू आताच धुतलेला. त्याच्या चारी अंगांस वीतभर गाळ, पण ओट्यावर मातीचा कण नाही. आणि पादुकांवर एक लहानसे टरबूज. जवळच झोपडी करून एक भोई राहत होता. पाणी असले म्हणजे मासे, नसले म्हणजे टरबुजे, असा त्याचा संसार. तो म्हणाला, 'पह्यलं फय बुवाले देतो जी आमी. मंग जायं फाटत नाई.' मग त्याने आम्हांसच विचारले, 'कोन होते जी हे बुवा?'

वडिलांस उत्तर देता येईना. काका धोतर खोचून खाली बसले होते. ओट्याच्या बुडाशी राहिलेला गाळ ते नखांनी उकरीत होते. थोड्या वेळाने त्यांनी मान वर न करताच म्हटले, 'दादा, जरा पाणी आणा.' चार वर्षांनंतरचे पहिले वाक्य ते. वडील भोयाची बादली घेऊन चिखलातून जलाशयाकडे गेले. वय पासष्टीच्या घरातले, पण आमच्या हातात त्यांनी बादली दिली नाही.

तेव्हापासून झाडलोटीचा दिवस बदलला. भाद्रपदात व आश्विनात ओटा पाण्याखाली असतो, तो दिसला तर वैशाखातच. आमच्या वऱ्हाडात अक्षय्य तृतीयेस, म्हणजे आखजीस, घरोघर पितरांच्या नावाने मातीची नवी मडकी भरतात. त्यांस करा-केळी म्हणतात. पत्रावळीवर पुरणपोळी, चिंचवणी, आंब्याचे पन्हे. शास्त्रासही हे मान्य आहे; ती तिथी युगादी असून त्या दिवशी उदकुंभदान सांगितले आहे. काका एवढ्यावर राजी झाले. यतीस आखजी कशी, अशी शंका एका वैदिक स्नेह्याने काढली होती. तिला उत्तर आहे, पण ते येथे लिहीत बसत नाही. आम्ही मोर्शीच्या बाजारात घागरी दोन घेतो. एक पणजोबांची, दुसरी पणजीबाईंची, ही आमच्या आईने घालून दिलेली भर. पितरांच्या घागरीस भाव करू नये, असेही तिनेच सांगितले होते, म्हणून कुंभार म्हणेल ते देतो. ओट्यावर दोन्हींचे पाणी घालावयाचे आणि रिकाम्या घागरी भोयाच्या घरी पिण्याच्या पाण्यास द्यावयाच्या, असा आमचा उदकुंभदानाचा प्रयोग आहे.

आता वडील नाहीत, काका नाहीत; दोघांच्याही अस्थी वर्धेतच सोडल्या. तो भोईही गेला. त्याचा मुलगा आणि सून तेथे असतात. ओटा दरवर्षी दिसतोच असे नाही. आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला असेल तर वैशाखातही पाणी हलत नाही, आणि अशा वर्षी बागाईतदार सुखात असतात, अमरावतीचे नळ वाहतात; आमच्या ओट्यासाठी कोणी दुष्काळ मागावा असे नाही.

मागे असेच एक पाण्याचे वर्ष होते. पुण्याहून नातू सुटीत आला होता, त्यास बरोबर नेले. तेरा वर्षांचा मुलगा. वाटेत त्याने टेलिफोनवरील नकाशात आमचे जुने गाव शोधून पाहिले, तेथे नुसता निळा रंग. काठावर पोहोचलो तो डोळ्यांस दिसेल तेथवर पाणी. परत फिरावे असा विचार करीत होतो, पण भोयाच्या मुलाने नाव सोडली आणि म्हणाला, 'बसा जी मास्तर, नेतो बुवापाशी.' बरेच आत गेल्यावर त्याने वल्हे आडवे धरून नाव थांबविली. 'इथं हाये.' नातवाने विचारले, 'पण तुम्हांला कसे कळते?' तो म्हणाला, 'जायं इथंच अडकते ना भाऊ. खाली उंबराचं खोड हाये.'

आम्ही संकल्प सोडला आणि पहिल्या घागरीचे पाणी पाण्यात ओतले. दुसरी घागर नातवाच्या हाती दिली. त्याने विचारले, 'आजोबा, पणजीबाईंची समाधी पण इथेच आहे का?' आम्ही म्हणालो, 'नाही. त्यांची कुठेच नाही.' तो थोडा विचारात पडला. मग घागर छातीशी धरून म्हणाला, 'मग ओतू कुठे?' ह्या प्रश्नाचे उत्तर धर्मसिंधूत नाही. आम्ही म्हणालो, 'त्या रोज सकाळी इथे यायच्या.' त्याने सगळे पाणी एकदम न ओतता, नावेच्या कडेने हळूहळू फिरवीत ओतले; बहुधा ओट्याच्या सगळ्या बाजूंस पडावे म्हणून.

काठावर आल्यावर घागरी सुनेच्या स्वाधीन केल्या. तिने दोन्ही डोक्याच्या वर उचलून उजेडात पाहिल्या, मग बोटांची गाठ मारून वाजविल्या. एक खणखणीत वाजली, दुसरी बद्द. 'हे गयते जी मास्तर,' ती म्हणाली. 'घागर वाजवून घ्या लागते. कितीले देल्ली?' आम्ही किंमत सांगितली तेव्हा तिने नवऱ्याकडे पाहिले आणि ती दोघेही हसू लागली. 'पुढल्या साली तुमी नका घेऊ,' ती म्हणाली, 'मी मोर्शीच्या बजारात येईन तुमच्यासंगं.'